लाभ, दोन, तीन

माझं शिक्षण ज्या शाळेत झालं तिला घंटा नव्हती, फळा नव्हता आणि मधली सुट्टी तर नव्हतीच नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत, मोरी आणि स्टोव्ह यांच्या मधे जी जागा उरायची तिथे ती भरायची. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि शिपाई ही तिन्ही पदं आईकडे होती. विद्यार्थी एकच, मी. त्यामुळे वर्गात पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. परवा शेजारच्या टॉवरमधल्या एक बाई बागेत भेटल्या. मोठ्या कौतुकाने सांगत होत्या, आम्ही आमच्या पिल्लूला होमस्कूलिंग करतो, शाळेचं प्रेशर नको म्हणून. मी म्हटलं, अय्या, माझंही होमस्कूलिंगच झालं! फरक एवढाच की शाळा मी सोडली नव्हती, शाळेने मला दारातूनच सोडलं होतं. बाईंनी माझ्या व्हीलचेअरकडे बघून मान तिरकी केली आणि डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीला लागल्या, तेव्हा मी पुढे सरकले. सकाळी सकाळी कुणाला रडवायची मला हौस नाही.

जन्मल्यावर मी रडायला उशीर केला, एवढाच माझा गुन्हा. डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी असं भारदस्त नाव दिलं होतं. परळहून चालत घरी येईपर्यंत आईच्या हातून ते नाव वाटेत कुठेतरी सांडलं आणि चाळीत पोचली ती बातमी एवढीच, की बायच्या मेंदूक वारो लागलो. माझे पाय एकमेकांत अडकायचे. हात पाठवावेत तिथे जायचे नाहीत आणि नको तिथे हमखास पोचायचे. बोलणं तर विचारू नका. डोक्यात वाक्य झटकन तयार असायचं, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर सुटायचा. पाणी मागायला तोंड उघडलं की समोरचा "भूक लागली गं?" म्हणून हातात चपातीचा तुकडा कोंबायचा. लहानपणी मी गुटगुटीत होते त्याचं खरं कारण हे. आता पन्नाशीला टेकले, गुडघे मात्र सत्तरीचे झालेत, आणि हे सगळं मी एका बोटाने टाइप करतेय. तेव्हा यातला एकही शब्द मी उगाच लिहिलेला नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

कागदोपत्री माझं नाव प्रज्ञा. हे नाव बाबांनी मी जन्मायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं, नंतर बदलायला त्यांना संकोच वाटला. बाबांना सगळ्याचाच संकोच वाटायचा. रे रोडला लाकडाच्या वखारीत ते कारकून होते आणि तिथल्या मांजरालाही "अहो" म्हणत असावेत असा मला दाट संशय आहे. मला शाळेत घालायला तेच घेऊन गेले होते, सोबत आई. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्ग वरच्या मजल्यावर, हिला उचलणार कोण, आणि शिवाय बाकीची मुलं घाबरतील. बाबा म्हणाले, "हो, ते बरोबर आहे तुमचं." आई म्हणाली, "घाबरतली तर घाबरूंदे." पण तोवर बाबा नमस्कार करून उठलेसुद्धा होते. घरी येऊन आईने पदर खोचला, स्टोव्हला पंप मारला आणि जाहीर केलं, "माझ्या चेडवाक मीच शिकवतलंय." आई स्वतः गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेली होती. त्यातलीही बरीच वर्षं भात लावण्यात गेली होती.

आई खानावळ चालवायची. गिरण्या बंद पडल्या तरी पोटं काही बंद पडली नव्हती. गावाकडून आलेले एकटेदुकटे बाप्ये, कुणी वॉचमन, कुणी छापखान्यात, कुणी भायखळ्याच्या भाजी मार्केटात, दोन पाळ्यांत आमच्याकडे जेवायला यायचे. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, बांगड्याचं तिखलं, आणि महिनाअखेर सुकटीवर भागवायचं. माझ्यासाठी बाबांनी आंब्याची लाकडी पेटी एका बाजूने कापून आणली होती. त्यात मला बसवून आई जुन्या लुगड्याच्या पट्टीने मला कमरेशी बांधायची, म्हणजे मी कलंडायची नाही. हा माझा बाक. तिथून मला पूर्ण खोली, अर्धी गॅलरी आणि जेवायला बसलेल्यांची फक्त पाठ दिसायची. कुणाच्या बनियनला किती भोकं पडली आहेत, हे माझ्याइतकं त्यांच्या बायकांनाही ठाऊक नसेल.

दवाखान्यातल्या बाईंनी आईला सांगितलं होतं, हिच्या बोटांना काम द्या, बारीक वस्तू चिमटीत धरायला लावा. आईने ते मनावर घेतलं. मला लसणीची अख्खी टोपली दिली. हाताला जोर यावा म्हणून कणीक मळायला, मनगट फिरावं म्हणून चिंच कोळायला, नजर ठरावी म्हणून तांदळातले खडे काढायला. आजकाल याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात आणि त्याचे तासावर पैसे घेतात. आईने ती फुकट दिली आणि वर लसूणही सोलून घेतली. अक्षरं मी तांदळाच्या पिठात शिकले. ताटात पीठ पसरायचं, माझं बोट धरून आई त्यात "क" काढायची, मग माझा हात सोडायची. हात सुटला की माझा "क" ताटाबाहेर निघून जायचा. आई परत पीठ सारखं करायची. चिडायची, "गो बाय, ह्यो क आसा की कोळंबी?" असं म्हणायची, पण परत सारखं करायची. संध्याकाळी बाबा इंग्रजी शिकवायला बसायचे आणि बी-सी-डीच्या आसपास त्यांना झोप लागायची. म्हणून माझं इंग्रजी अजूनही कच्चं आहे.

भूगोल जेवणाऱ्यांनी शिकवला. कणकवलीच्या पुढे काय लागतं, गड नदी कुठून येते, कुणाच्या वाडीला एस्टी जात नाही. आणि भाषाविषय गुणाजीमामांकडे. हे वॉचमन होते, रात्रपाळीला जायचे म्हणून पहिल्या पंगतीला हजर. त्यांच्या तोंडात शिव्या वस्तीला होत्या. गंमत अशी की साधं "आई, पाणी दे" माझ्या तोंडात अर्ध्यावर अडकायचं, पण शिवी मात्र एका दमात, स्वच्छ, काना-मात्रेसकट बाहेर पडायची. का ते देव जाणे. राग आला की जीभ सुटत असावी. "फटकी येवंदे तुका!" हे माझं आयुष्यातलं पहिलं धड वाक्य. फटकी म्हणजे कॉलरा. मामा खूश होऊन ताटावरच टाळ्या पिटायला लागले आणि आईने त्यांना त्या दिवशी तिखलं वाढलं नाही.

गणिताचा तास सकाळी असायचा. आई पिंपातून मापट्याने तांदूळ काढायची आणि मी तिच्याबरोबर मोजायची. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. गावी खळ्यावर भात मोजतानाही तसंच म्हणतात. "एक म्हटलां की एकावरच रवता," आई सांगायची, "लाभ म्हटलां की पुरता." म्हणजे एक म्हटलं की धान्य एकावरच अडतं, लाभ म्हटलं की सगळ्यांना पुरतं. एकदा मी, कुणा जेवणाऱ्याचं ऐकून असेल, मुद्दाम मोठ्याने "एक" म्हटलं. आईने ते माप परत पिंपात ओतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पण व्हायचं ते झालं. त्याच दिवशी गुणाजीमामा गावाहून आलेले दोन भाचे सोबत घेऊन उगवले, भात कमी पडला आणि आई-बाबा चहा-बटरवर झोपले. आईने रिकामं पातेलं घासताना फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. तेवढं मला पुरलं. त्यानंतर मला कुणी मारलं असतं तरी मी मापाला एक म्हटलं नसतं.

आमच्या या शाळेचे तपासनीस म्हणजे मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ. चाळीतून निघून दादरला ब्लॉक घेतलेले, सरकारी हापिसात साहेब. आले की आधी रुमालाने पाट पुसायचे, मग बसायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी दर वेळी श्रीखंडाच्या गोळ्या आणायचे आणि त्या माझ्या घशात अडकतील म्हणून स्वतःच खायचे. एका रविवारी त्यांनी विषय काढला. घाटावर एक संस्था आहे, माझ्यासारख्या मुलांना ठेवून घेतात, तिथेच शाळा, तिथेच राहणं, वर्षातून एकदा घरी. ओळखीने जागा मिळते आहे.

"आज तुम्ही दोघं आहात," काका म्हणाले. "उद्या? तुमच्यामागे हिचं कोण करणार, गुणाजी वॉचमन?"

बाबा म्हणाले, "दादा म्हणतोय ते बरोबर आहे."

आई भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "हिला डोकं आहे, दादा. डोकं असलेल्या मुलीला कोणी असं टाकत नाय."

"टाकायचं कोण म्हणतंय? बरं, डोकं आहे की नाही ते आपण कोण ठरवणार! परळला एक मॅडम आहेत, बुद्धी तपासतात. त्यांना दाखवू. डोकं आहे निघालं तर ठेवा घरी, मी परत बोलणार नाही. नाही निघालं तर तिकडे. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर आपटली. हे सगळं माझ्यासमोर, माझ्यापासून हातभर अंतरावर ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मी विचारायच्या तयारीत होते, पण मी "म" पर्यंत पोचले तेव्हा काका चपला घालत होते.

मॅडमच्या खोलीत एकालाच आत सोडत होते, म्हणून बाबा आत आले आणि आई दाराबाहेर बाकावर बसली. दाराला फट होती, फटीला आईचा कान होता. घाटावरची संस्था म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण तिथे आई नसणार एवढं कळत होतं. मॅडम चांगल्या होत्या, पुणेरी बोलायच्या, घाई करत नव्हत्या. चित्रं दाखवली, मी बोट लावलं. रंग विचारले, सांगितले. मग त्यांनी टेबलावर लाकडी ठोकळे मांडले. "हे मोज बरं."

मला हायसं वाटलं. हे तर मी रोज करत होते. पहिल्या ठोकळ्यावर बोट नेलं आणि म्हटलं, "लाभ."

"काय?"

"लाभ. दोन. तीन—"

"थांब, थांब. पहिल्यापासून. हा किती?"

"लाभ."

मॅडमनी बाबांकडे बघितलं. बाबांना सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण त्यासाठी खानावळ, तांदूळ, पिंप, सगळं त्या स्वच्छ खोलीत काढावं लागलं असतं. बाबांनी संकोचाने स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग मला मदत करावी म्हणून त्यांनी एक ठोकळा उचलून बाजूला केला, "आता किती राहिले?" म्हणायला. मला वाटलं, चोरला. माझ्या तोंडून एका दमात निघालं, "फटकी येवंदे तुका!"

"किती स्पष्ट बोलली!" मॅडम खरोखरच आनंदून म्हणाल्या. "काय म्हणाली हो ती?"

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली होती. "देवाचं नाव घेतलंन," आई म्हणाली. मग तिने तिथेच उभं राहून लाभाचं सगळं सांगितलं, तांदळाच्या पिंपासकट. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. "समजलं. सुंदर आहे हे. पण मला एकपासून तिच्या तोंडून ऐकावं लागेल. नाहीतर मी काय लिहू?"

आई माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. "म्हण गो बाय. एक म्हण."

मी मान हलवली. नाही.

"मी सांगतंय ना? आज चालता. म्हण."

नाही म्हणजे नाही. आई आता रडकुंडीला आली. आयुष्यात कधी कुणापुढे हात न जोडलेल्या माझ्या आईने माझ्यापुढे हात जोडले. आणि मी, एक अक्षर बोलले की घरी राहायला मिळणार हे माहीत असलेली मी, ढिम्म. कारण माझ्या डोळ्यांपुढे ते रिकामं पातेलं होतं. शेवटी आईने स्वतः ठोकळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एक." मी इतकी घाबरले की खुर्चीतून घसरलेच. बाबांनी मला सावरलं. मग मी विचारायला लागले. ओठ जुळेनात, लाळ गळली, बाबा मधेच म्हणाले, "शू आली का?" मॅडमनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्या थांबल्या. खरंच थांबल्या.

"हे... शिज... वायचे?"

मॅडमनी ठोकळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही गं. हे नुसतेच मोजायचे."

"मग एक," मी म्हटलं, आणि पुढचे सगळे मोजले. ते संपल्यावर त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिलीही मोजल्या. मॅडम चष्मा काढून हसत बसल्या. आईला म्हणाल्या, डोकं शाबूत आहे हिचं, तुमच्या-माझ्यापेक्षा खणखणीत आहे, फक्त हिला वेळ द्या. आई जिना उतरताना मला पाठुंगळी घेऊन इतकी भरभर चालत होती की बाबा मागे राहिले. घरी येऊन तिने शेवयांची खीर केली आणि गुणाजीमामांना दोनदा वाढली.

रविवारी काका आले. त्यांना सगळं कळलं होतं. पाट पुसून बसले आणि म्हणाले, "आनंद आहे. आता तर तिला तिकडे पाठवायलाच हवं."

आईच्या हातातला चमचा खाली पडला. "कबूल केलेलंत तुम्ही!"

"तेव्हा मला वाटलं होतं काही निघणार नाही. पण एवढं डोकं असलेली मुलगी इथे खोक्यात बसून लसूण सोलणार? वहिनी, तुमचं शिक्षण सातवी. आज मोजायला शिकवलंत, उद्या भूमिती शिकवाल? बीजगणित? बोला ना!"

आईने पिठाचं ताट उचलून हातात धरलं. काका खोटं बोलत नव्हते. आजही मला वाटतं, त्या खोलीत त्या क्षणी सगळ्यात बरोबर बोलणारा माणूस तेच होते, आणि मला त्यांचा मनस्वी राग येत होता. बाबा सवयीप्रमाणे "दादा म्हणतोय ते" इथपर्यंत आले आणि आईच्या नजरेपुढे थांबले. काका म्हणाले, "तिला काय कळतंय, वर्षभरात रुळेल." तेव्हा मी तोंड उघडलं.

"मला... शाळा... पाहिजे."

"बघा!" काका उठूनच उभे राहिले. "लेकरू स्वतः सांगतंय!"

मला अजून बोलायचं होतं. वाक्य अर्धंच बाहेर आलं होतं, उरलेलं घशात होतं, जबडा आवळला गेला होता. आणि तेवढ्या वेळात मी आईचा चेहरा बघितला. ती पिठाचं ताट हातात घेऊन उभी होती. तिला कुणी थोबाडीत मारली असती तरी तो चेहरा तसा झाला नसता. मी हात उडवायला लागले, थांबा, थांबा म्हणून. काका म्हणाले, "आनंदाने उडतेय बघा." एवढा संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही, आणि संतापाने नेहमीप्रमाणे जीभ सुटली.

"तिकडे नाय! झोपायला मी हय!" हय म्हणजे इथे, घरीच.

काका काहीतरी बोलायला लागले, संस्था, उज्ज्वल भविष्य वगैरे, तर बाबा उठले. उभे राहून त्यांनी भिंतीकडचे पाट मांडले. एक, दुसरा, तिसरा. काकांच्या डोळ्यांत न बघता, पण आवाज न थरथरता म्हणाले, "दादा, पानं वाढतोय. जेवून जा."

आमच्यात याहून स्पष्ट "नाही" म्हणता येत नाही. काका परत पाटावर बसले. रागातच जेवले, पण भात दोनदा घेतला, आणि संस्थेचं नाव त्यांनी पुढे कधी काढलं नाही.

आई मात्र त्या पहिल्या अर्ध्या वाक्याने जी दुखावली ती दोनतीन दिवस माझ्याशी बोलली नाही. खायला घालायची, अंघोळ घालायची, पेटीत बांधायची, पण पिठाचं ताट काढलं नाही. मी कितीदा तरी सांगायला बघितलं की तू चांगली शिकवतेस, मला फक्त आणखी मुलं हवी आहेत, पाठी नकोत, तोंडं हवी आहेत. एवढं लांब वाक्य मला जमेना. मग एका सकाळी तिने भात उतरवला, स्टोव्ह विझवला, हात पुसले, ठेवणीतलं लुगडं नेसली. गॅलरीतून शेजारणीला ओरडली, "आज पहिल्या पंगतीक तू वाढ गो!" मला उचलून पाठीवर घेतलं. मी विचारायला लागले, कुठे. "कु" म्हणेपर्यंत आम्ही अर्धा जिना उतरलो होतो आणि "ठे" बाहेर पडलं तेव्हा रस्ता ओलांडत होतो.

"शाळा पाहिजे ना तुला?" आई म्हणाली. "मगे घट्ट धर. आज मी त्या शाळेतल्या बाईंच्या दारातून उठूचंय नाय."